धुऊन टाकलेली माती

गिरिधरराव पाहुण्यांपुढे कळकट काही ठेवत नसत. त्यामुळे रविवारी वेदिका मॅडम घरी येणार म्हटल्यावर त्यांनी शनिवारीच आपल्याला सापडलेलं जीवाश्म हाड टबात भिजत घातलं, ब्रशनं त्याला चिकटलेली सगळी माती काढली आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. हाड असं चकाकलं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

जुने दगड, हाडं गोळा करायचा नाद त्यांना नोकरीत असल्यापासूनचा. महाल वस्तीत सगळे त्यांना दगडवाले काका म्हणत आणि म्हणताना हसत. आता मात्र विद्यापीठातल्या संशोधक बाईंनी मोबाइलवरचा फोटो पाहून स्वतः यायचं कबूल केलं होतं. बाईंच्या शोधनिबंधात आपलं नाव छापून यावं, म्हणजे गल्लीचं हसणं बंद होईल, एवढीच त्यांची आशा होती.

वेदिका आली ती चाळण्या घेऊनच. हाड पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, याच्यावरची माती कुठं गेली?"

"धुतली न. दिवसभर घासून राहिलो होतो."

"हाड नेहमीचंच आहे, काका. मी मातीसाठी आली होती. फोटोत तिच्यात बारीक दात दिसून राहिले होते, उंदराएवढ्या जनावराचे. तसे फार कमी भेटतात."

गिरिधरराव उठलेच. "पुन्हा आणतो. हिंगण्याच्या रस्त्यावर बिल्डिंगचा खड्डा आहे, तिथलीच."

"तिथं आता स्लॅब टाकून झाला," त्यांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या. "पण टबातला गाळ मी मोरीत नाही जाऊ दिला. तुंबते ती. तुळशीत टाकला."

"मिसळलेली माती पक्का पुरावा नाही होत," वेदिका म्हणाली. "पण पाहू."

सुमतीबाईंनी तुळशीला हात जोडून तिला बादलीत हलवलं. कुंडी उलटी झाली. तिघंही अंगणात बसून माती चाळू लागली. बऱ्याच वेळानं चाळणीत एक इवलासा दात उरला.

"मॅडम, माझं नाव वडिलांच्या नावासकट छापा," गिरिधरराव म्हणाले.

वेदिकानं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "काका, हा माणसाचा आहे. लहान लेकराचा."

सुमतीबाईंनी दात तळहातावर घेतला. "आपल्या अदितीचा. पहिला पडलेला. बाबाले दाखवीन म्हणून दिवसभर मुठीत धरून बसली होती. तुम्ही कन्हान नदीवर दगड धुंडून राहिले होते. वाट पाहून झोपली पोरगी, मग मी तुळशीत पुरला."

गिरिधररावांना ते काही आठवेना. त्या वेळी कन्हानहून आणलेले दगड मात्र एकूण एक आठवले, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. वेदिकानं नमुन्यासाठी आणलेली कापसाची डबी पुढे केली. दात हातात घेतल्यावर सवयीनं गिरिधररावांचा दुसरा हात ब्रशकडे गेला.

"राहू द्या तशीच माती," सुमतीबाई म्हणाल्या.

गिरिधररावांनी दात तसाच डबीत ठेवला, डबी बंद केली आणि पुण्याला अदितीला फोन लावला.

"काय झालं बाबा? पुन्हा दगड सापडला काय?" अदिती घाईत होती.

"नाही बेटा," ते म्हणाले. "तुझा दात पाहायचा राहिला होता."