आधी मायचं सांगा

डोमाभाऊ कुणाकडेही गेले की आधी गोठ्यात जायचे आणि मग घरात. घरधनी ओसरीवर हात जोडून उभा असला तरी त्याच्या बाजूनं निघून जायचे, गाभण म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि तिथूनच ओरडून विचारायचे, "हिची माय कशी व्याली होती?"

घरधन्याला उत्तर ठाऊक असेल तर ठीक. नसेल तर त्याची खैर नसे. "माय मालूम नाही त लेक कायले घेतली बापा? आधी मायचं सांगा, मंग मी हात लावतो."

गोंदियाजवळच्या मुर्री गावात माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारा, हे कागदावर. लोकांच्या तोंडी ढोरडॉक्टर. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी खाकी सदरा आणि गमबूट सुटले नाहीत. साबण, तेलाची बाटली आणि मऊ दोर असलेली पत्र्याची पेटी सायकलला अजून टांगलेली असते.

त्यांचा एक सिद्धांत होता. माय अडली तर लेक अडणार. मायची वार वेळेवर पडली नाही तर लेकीचीही पडणार नाही. वासरामागून जी वार पडायची असते ती अडकली की जनावर दगावतं, म्हणून हा भाग ते फार गांभीर्यानं सांगत. सिद्धांताला पुरावे म्हणून पंचक्रोशीतल्या म्हशींच्या तीन-तीन पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या. एकदा आमगावला लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. कढी वाढणारा समोर येतो न येतो तोच हे पानावरून उठले आणि मांडवामागच्या गोठ्याकडे धावले. "गुरुजी, हे त त्या फाटक्या कानाच्या म्हशीची नात होय! आजीले मीच सोडवलो होतो!" वरपक्षाला वाटलं, पाहुणा रुसला. दोन माणसं त्यांची समजूत काढायला गोठ्यात गेली.

सिद्धांत कधी चुकला तर? मी मुद्दाम विचारायचो. माझ्याच म्हशीची माय दोनदा अडलेली, पण ही आमच्या देखत अर्ध्या तासात मोकळी झाली. डोमाभाऊंनी तिला मागून-पुढून न्याहाळलं आणि शांतपणे सांगितलं, "मंग हे तिची लेकच नोहे. बाजारात कोनीतरी बदलली."

मी तेव्हा खूप हसलो. नुसता हसलो असतो तर ठीक होतं, पण चहाच्या टपरीवर मी त्यांची नक्कलही करायचो. खांद्यावर टॉवेल, कोपरापर्यंत वर केलेली बाही, डोळे मिटून "आधी मायचं सांगा". लोक पोट धरून हसत. आज हे लिहिताना मान खाली जाते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

हाच माणूस बायकांच्या विषयात मात्र नव्या नवरीहून लाजाळू. अंगणभर बायका उभ्या असताना म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आतली सगळी हकिगत मोठ्यानं सांगतील. पण कुणाच्या सुनेला दिवस गेलेत असं कानावर पडलं की यांना एकदम कुठलं तरी काम आठवायचं. त्यांची एकुलती एक लेक वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आरोग्य केंद्राच्या आशाताई चौकशीला आल्या. डोमाभाऊंनी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः रस्त्यावर जाऊन विजेच्या खांबाला टेकून उभे राहिले. त्या जाईपर्यंत.

वैशालीची आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे घरात बाईमाणूस नाही. माझी बायको शोभा तिच्याकडे जाऊन-येऊन बघायची. गोंदियातल्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरलं तेव्हा वैशालीबरोबर शोभा, गाडी चालवायला मी आणि बाप म्हणून डोमाभाऊ असे चौघं गेलो.

डॉक्टरीणबाई फॉर्म भरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आपकी माँ को डिलीवरी में कोई तकलीफ हुई थी?"

वैशालीनं बापाकडे पाहिलं. शोभानं पाहिलं. दारात उभ्या असलेल्या मलाही हसू आवरेना. जन्मभर जगाला विचारलेला प्रश्न शेवटी यांच्याच दारात आला होता. मला वाटलं, आता हे आजी-पणजीपासून सुरुवात करतील.

डोमाभाऊंचे कान लाल झाले. छताच्या पंख्याकडे बघत ते म्हणाले, "कुछ नहीं मॅडम. एकदम आराम से."

बाईंनी तसं लिहिलं. वैशालीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. गाडीत ती शोभाला म्हणाली, "काकू, आता मले भेव नाही वाटत. आईले त्रास नव्हता म्हने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस दोहत होतो तर डोमाभाऊ येऊन उभे. गोठ्यातच उभे, पण म्हशीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. असं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"गुरुजी, मी कालचं झूठ बोललो."

"कायचं?"

"तिच्या मायचं मले कायीच मालूम नाही."

वैशाली झाली तेव्हा त्यांची बदली नवेगाव बांधला होती. त्या दिवशी सकाळीच एका शेतकऱ्याची म्हैस अडल्याचं बोलावणं आलं आणि ते गेले. मग त्या म्हशीचं सगळं त्यांनी मला सांगितलं. रेडकाचे मागचे पाय आधी, त्यातला एक आत मुडपलेला, दोन घंटे लागले, दोर कुठं बांधला, रेडकाच्या नाकात भाताच्या तणसाची काडी घालून त्याला कसं शिंकवलं, सगळं. सत्तावीस वर्षांपूर्वीची म्हैस काल व्याल्यासारखी.

"आन घरी?" मी विचारलं.

"घरी गेलो त पोरगी झाली होती."

"वहिनीले इचारलं नाही?"

"मी काय इचारू गुरुजी? मानसानं बायकोले असं इचारावं का?" ते दावणीचा खुंटा बघत राहिले. "साऱ्या जिल्ह्याच्या म्हशी मालूम, आन घरची बाई मालूम नाही, हे डॉक्टरीनबाईले कसं सांगू? लाज वाटली. पोरगी पाहून राहिली होती माह्याकडं. आता थे भरवसा ठेवून बसली हाय."

मला खरं तर हसू आलं होतं. ते गेल्यावर मी शोभाला सांगितलंही हसतच. ती चुलीवर दूध ठेवत होती. ती हसली नाही. म्हणाली, "आपल्या पोराच्या वेळेस मले काय झालं, तुमाले मालूम आहे का?"

मी म्हणालो, मी तेव्हा नागपूरला शिक्षकांच्या शिबिराला होतो.

"हो. अन् आल्यावर तुमी पेढे वाटाले गेले." एवढंच बोलून ती पुन्हा दुधाकडे वळली. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

मग मीच डोमाभाऊंना म्हणालो, चला नवेगावला. त्या वेळी त्यांच्या शेजारी राहणारी, बाळंतपणं करणारी सोनाबाई अजून होती, एवढी माहिती फोनवर मिळाली. मोटारसायकलवर दोन तास. तलावाच्या काठाला तिचं घर. अंगणात सुकत घातलेल्या मासळीजवळ कावळे हाकत म्हातारी बसली होती. डोमाभाऊंना तिनं लगेच ओळखलं, खाटेवर बसवलं.

डोमाभाऊंनी खाकरून सुरुवात केली. "बकऱ्या किती हाय आता?"

"तीन."

"गाभन हाय का?"

"एक हाय."

"तिची माय कशी..." आणि तिथं ते एकदम थांबले. माझ्याकडे बघायला लागले. मी तर मास्तर माणूस, मी विचारायला हवं होतं. पण विज्ञानातला तो एक धडा मी जन्मभर पोरांना घरून वाचून यायला सांगितला. मी म्हणालो, "बाई, ते वैशाली... म्हणजे वहिनी... त्या दिवशी..." आणि पुढं माझीही गाडी अडली. साठी उलटलेले आम्ही दोन पुरुष एका खाटेवर जमिनीकडे बघत बसलो.

"तुमी दोघं एवढ्या दुरून माह्या बकऱ्या पाहाले आले का?" सोनाबाई म्हणाली.

शेवटी डोमाभाऊंनीच सांगितलं. एका दमात, डोळे मिटून. पोरगी पहिलटकरीण आहे, तिच्या मायला कसं झालं होतं ते मला ठाऊक नाही, डॉक्टरीण विचारते.

म्हातारीनं हातातली काठी खाली ठेवली. "पोरगी त सहज झाली. पर वार पडेना. आन रगत थांबेना. तीन लुगडी भिजली बापा. मी पोट चोळून राहिली, बाकीच्या बाया नर्सबाईले आनाले पळून राहिल्या. तुयी बाई पांढरी पडली होती, बोलनं बंद झालं होतं तिचं. नर्सबाई आली, तिनं वार काढली, सुया देल्ल्या, तवा कुठं थांबलं. आमी त आशा सोडली होती."

"मले कोनी सांगलं नाही," डोमाभाऊ म्हणाले.

"तिनंच 'नोका सांगू' म्हनली. आन तू कसा आला, आठवते का तुले? आंगनातूनच वरडला. 'म्हैस वाचली!' असा हासून राहिला होता. थे आतून हलकेच म्हने, 'बरं झालं.'"

सोनाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. झालं ते तिनं सांगितलं आणि पुन्हा काठी उचलून कावळ्यांकडे वळली. मग तिनं चहा दिला, तो डोमाभाऊंनी हातात धरला आणि गार झाल्यावर तसाच खाली ठेवला.

परत येताना अर्ध्या वाटेवर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते म्हणाले, "थे पांढरी दिसत होती, गुरुजी. मी पाहिलो होतो. मले वाटलं, बारंतीन बाई अशीच दिसत असन. म्हशीची पापनी उलटून पाहतो मी. रगत किती हाय, पापनीत दिसते. तिच्याजवळ बसलो असतो त दिसलं असतं."

टपरीवरची माझी नक्कल मला आठवत होती आणि चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली शोभाही.

दुसऱ्याच दिवशी ते वैशालीला घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी बरोबर होतो. आत गेल्या गेल्या, खुर्चीवर बसायच्याही आधी म्हणाले, "मॅडम, मैं झूठ बोला था. इसकी माँ मरते मरते बची थी. मुझे मालूम नहीं था." आणि सोनाबाईचं सगळं बोलणं त्यांनी सांगितलं. वार, लुगडी, नर्सबाई, सुया. एकदाही पंख्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "माँ जैसा ही बेटी को हो, जरूरी नहीं. लेकिन बता दिया, अच्छा किया. खून तैयार रखेंगे. दर्द शुरू होते ही सीधे यहाँ आना, घर में रुकना नहीं."

बाहेर आल्यावर वैशालीनं कागद पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "बाबा, मालूम नव्हतं त नाही म्हनाचं होतं."

"हो."

"आईसारखं आरामातच होईल म्हनून मी घरीच दम धरनार होती."

"हो माय," ते म्हणाले. लेकीला त्यांनी 'माय' म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, वैशाली मोकळी झाली. सकाळपासून दवाखान्यातच होती. मुलगी झाली. वार वेळेवर पडली. रक्त जरा जास्त गेलं, पण सगळी तयारी हाताशी होती, बाईंनी लगेच आवरलं. आणून ठेवलेली रक्ताची पिशवी लागली नाही. बाकावर बसल्या बसल्या मी डोमाभाऊंना हलकंच म्हणालो, "म्हणजे तुमचा सिद्धांत अर्धा खरा, अर्धा खोटा."

"चुलीत गेला थो," ते म्हणाले.

थोड्या वेळानं आम्हाला आत बोलावलं. शोभानं बाळ उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बाळाच्या डोक्याला बोट लावलं आणि सरळ खाटेजवळ गेले. स्टूल ओढून बसले. कान लालेलाल, नजर फरशीवर.

"तुले कसं झालं, सांग," ते म्हणाले.

वैशालीला कळेना. "कायचं, बाबा?"

"सारं. सकाळपासून सांग. मी बसलो हाय."

वैशालीनं शोभाकडे पाहिलं. मग थकलेल्या आवाजात थांबत थांबत सांगायला लागली. शोभानं मला डोळ्यानं बाहेर जायची खूण केली. मी निघालो, पण दारापाशी पाय रेंगाळले. ती सांगत होती आणि डोमाभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "आन तवा भेव वाटलं का तुले?"

"वाटलं, बाबा. लय वाटलं."

"तुयी माय बी भेली असन," डोमाभाऊ म्हणाले. "मी इचारलोच नाही."