रंजिताच्या हळदीला कितीजण?

"बाबा, सेव्ह झालं," म्हणत रंजिता लॅपटॉप पोटाशी धरून मांडवात धावत आली. तिचा बाप कान्हा तेव्हा मांडववाल्याशी झालरीच्या रंगावरून हुज्जत घालत होता.

रंजिता महापेला कंपनीत नोकरीला. शिरवणे गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण, आणि गुडघा दुखत असताना बापाने घरोघर आमंत्रणं करत फिरावं हे काही तिला पटेना. म्हणून तिने स्वतःच्या हळदीची वेबसाइटच काढली. पाहुण्याने नाव लिहायचं, कितीजण येणार तो आकडा निवडायचा, बटण दाबायचं. सगळं तिच्याकडे जमा होणार आणि निशांत केटरर्सलाही ती यादी आपोआप दिसणार.

"म्हंजे मी कुनाच्या घरी जायाचंच नाय?" कान्हाने विचारलं.

"नाही. ग्रुपवर लिंक टाकली की काम झालं."

"आनि लोकांचा मान?" आतून तिची आई भागीरथी बोलली.

"मानपण ऑनलाइन, आय."

लिंक गेली आणि लॅपटॉप टिंग टिंग वाजायला लागला. प्रत्येक टिंगला कान्हा मांडववाल्याच्या हातावर टाळी देई. झालरीचं भांडण तो केव्हाच विसरला होता. "अख्खा गाव येतंय. निशांतला सांग, बोकड वाढव," असं म्हणत त्याने समोर येईल त्याला पेढा भरवला. जरा उसंत मिळाल्यावर रंजिताने यादी उघडली. शिवराम, शून्य. सत्यभामा, शून्य. पुतळाआत्या, शून्य. सगळं गाव शून्य. येणार होत्या फक्त तिच्या ऑफिसातल्या सात मैत्रिणी.

फॉर्म बिघडला असेल म्हणून तिने पुन्हा पुन्हा तपासला. फॉर्म उत्तम चालत होता.

एकुलत्या एक पोरीच्या हळदीला मांडव रिकामा राहिला तर गावात तोंड कसं दाखवायचं? कान्हा तसाच चुलत भावाकडे, शिवरामकडे गेला. शिवरामने त्याच्यासमोर मोबाइल धरला.

"ह्या बघ. एक, दोन, तीन, चार. पुढं काय हाय?"

पुढं काही नव्हतं, आकडे चारावरच संपत होते. रंजिताने फॉर्मचा तयार साचा घेतला होता, आणि तो बनवणाऱ्याच्या घरी बहुतेक फ्लॅटमधलं चौकोनी कुटुंब असावं.

"माझ्या घरात अठरा मानसं. चौघांना नेऊ नि बाकीच्यांना दावनीला बांदू?" शिवरामचा आवाज चढला. "आजवर तुझ्या घरचं आमंत्रन चूलबंद असायचं. कुनी घरात चूल पेटवायची नाय, सगळ्यांनी जेवाला यायचं. आता मोजून बोलवतंस?"

"दादा, पोरीची चूक झाली."

"मंग आमचं शून्यच बरं हाय."

रंजिताने घाईघाईने फॉर्मात शंभरापर्यंत आकडे टाकले, पण तो पुन्हा उघडतो कोण. उघडला फक्त निशांतने, आणि त्याचा फोन आला.

"ताई, टोटल सात दिसतायत. सात माणसांसाठी पातेली कशाला आणू? पार्सल पाठवतो. तुमचे बोकड मी बेलापूरच्या पार्टीला दिले."

"अहो, पण ती लिस्ट..."

"लिस्ट तुमीच दिली ना ताई? मस्त सिस्टिम आहे, टेन्शनच नाही." त्याने खुशीत फोन ठेवला.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात सात मैत्रिणी, सात पार्सलं आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलेले बॅंडवाले होते. हळद लागलेली रंजिता बापाला म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे तुमची मान खाली गेली."

"गप गो. पिवळ्या अंगानं रडू नये," कान्हा म्हणाला आणि रिकाम्या खुर्च्या उगाच सरळ करायला लागला.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी शिवराम उभा राहिला. मागे मुलगे, सुना, नातवंडं, सगळे नव्या कपड्यांत.

"मी येनार नाय, येवढंच सांगाला आयलू," शिवराम म्हणाला. "असं तोंडावर सांगलेलं बरं."

"माझंपन तेच," म्हणत पुतळाआत्या आत येऊन पुढच्या खुर्चीत बसली. सत्यभामाही आपलं सगळं घर घेऊन आली, कारण असल्या गोष्टी मोबाइलवर सांगणं तिला बरं दिसत नव्हतं. बघता बघता न येणाऱ्या लोकांनी मांडव गच्च भरला. बॅंडवाल्यांनी हात मोकळे केले आणि न येणारे नाचायला लागले.

कान्हाला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मग त्याला ती सात पार्सलं आठवली आणि तो ती पुन्हा मोजायला लागला. भागीरथी मात्र पदर खोचून पुढे आली.

"दादा, तुमच्या घरी आज चूल पेटली?"

"पेटनार नाय तर काय? येनारच नव्हतो ना. टोपभर मटन शिजलंय."

"आनि सत्यभामे, तुझ्याकडं?"

"भाकऱ्या नि सुकट."

"मंग आना सगलं हितं."

गल्लीगल्लीतून टोप निघाले. बाया डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन ठेक्यातच आल्या आणि रंजिता हसता हसता पुन्हा रडली. शिवरामने बाह्या सरसावल्या, डाव हातात घेतला आणि आपल्या टोपाशी वाढायला उभा राहिला. जेवणाऱ्यांची रांग मांडवातून बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. त्याने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा टोपात डोकावून पाहिलं आणि रंजिताला हळूच जवळ बोलावलं.

"रंजे, मानसं कितीजन हायत ते आधी नीट मोजून घे गो."