मंजूच्या मामाचा मान

मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नानासाहेब अक्षतांना कुंकू लावत बसले होते, तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी मेव्हण्याचा व्हिडिओ पाठवला. नानासाहेबांनी कौतुकानं चष्मा शोधला. मेव्हणा काही साधासुधा माणूस नव्हता. पुंजाराम हे त्याचं नाव बजाजनगरात आणि आधार कार्डावरच उरलं होतं. बाकी लोक त्याला रोज संध्याकाळी साडेसातच्या मालिकेतला आदर्श जावई म्हणून ओळखत. सासूला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेणारा तो जावई पाहिल्यापासून गावोगावच्या सासवांनी आपापल्या जावयांशी नीट बोलणं सोडलं होतं.

व्हिडिओत मुलाखत घेणारी मुलगी लाडात येऊन विचारत होती, "मग आता खरंखुरं लग्न कधी?" पुंजाराम शांतपणे म्हणाला, "मी समलिंगी आहे. मला जोडीदार आहे, सहा वर्षं आम्ही एकत्र राहतो. आईला माहीत आहे, बहिणीला माहीत आहे."

नानासाहेबांच्या हातातल्या अक्षता लुंगीवर सांडल्या. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. पुंजाराम पुन्हा तेच म्हणाला.

"द्वारके, बहिणीला माहीत हाय म्हणतो हा. बहीण म्हणजे तू?"

"त्याला दुसरी हाय का?" द्वारकाबाईंनी लाटणं थांबवलं नाही.

"मंग मला का नाय सांगितलं?"

"तुम्हाला सांगणं अन् चौकात भोंगा लावणं एकच हाय."

नानासाहेबांना हे लागलं, पण लावून घ्यायला वेळ नव्हता. चौक म्हटल्याबरोबर त्यांना फ्लेक्स आठवला. चौकातल्या त्या फ्लेक्सवर नवरा-नवरी कोपऱ्यात बोटभर होते आणि वर आडवातिडवा पसरलेला पुंजाराम हात जोडून हसत होता. खाली लिहिलं होतं, 'वधूचे मामा, सुप्रसिद्ध सिनेअभिनेते'. कंपनीच्या बसमधूनही दिसला पाहिजे म्हणून फोटो मोठा करायला नानासाहेबांनीच सांगितलं होतं. त्यातून खुलताबादकडचे व्याही रामकिसन यांनी सोयरीक पक्की केली ती भिंतीवरचा पुंजारामचा फोटो पाहूनच. सुनेला एक हिरो मांडवात घेऊन येणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आता ते काय म्हणतील? गाव काय म्हणेल? आणि सोयरीक मोडली तर?

"मामाला येऊ नको म्हणू का?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यांची मुलगी मंजू दारातच उभी होती. "बाबा, मंगलाष्टकाला माझ्या पाठीशी मामाच उभा राहणार. तो नसंल तर मी मांडवात पाय टाकणार नाय." एवढं बोलून ती पापड वाळवायला गच्चीवर निघून गेली. नानासाहेबांना तिचा हट्ट माहीत होता, कारण तो त्यांचाच होता. तरी त्यांनी गाडीला किक मारली आणि औरंगपुऱ्यात फ्लेक्सवाल्या सांडूचं दुकान गाठलं.

"मामा काढून टाक."

"काढतो," सांडू म्हणाला. "पन उस जागे पे काय टाकू? फ्लेक्सवर जागा मोकळी दिसली की पब्लिकला वाटतं, आदमी गेला."

नानासाहेबांनी डोकं खाजवलं आणि द्वारकाबाईंचा चुलतभाऊ भिकन त्यांना आठवला. भिकन खुलताबादच्या डोंगराला शेरडं राखायचा. त्याचा एकुलता एक फोटो उरुसात काढलेला होता, काळा गॉगल लावून, पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर. सांडूनं मोटारसायकल कापली आणि भिकनला पुंजारामच्या जागी चिकटवलं. खालची ओळ बदलायला मात्र तो विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बजाजनगरच्या चौकात भिकन सुप्रसिद्ध सिनेअभिनेता झाला.

तोवर कामगार वसाहतीत ती मुलाखत फारशी कोणी पाहिली नव्हती. माणसं आपापल्या शिफ्टच्या गडबडीत होती. पण काल हसणारा हिरो जाऊन आज तिथं गॉगलवाला आला म्हटल्यावर जो तो फ्लेक्सखाली थांबू लागला. थांबलेला माणूस मोबाइल काढतोच. दुपारपर्यंत हिरोचं काय झालं ते घरोघरी कळलं होतं. नानासाहेब जे झाकायला धावले, त्याची दवंडी त्यांनीच पिटली होती.

संध्याकाळी रामकिसन यांचा फोन आला. "व्याही, फ्लेक्सवरचे पाहुणे बदलले म्हणं?"

"व्हय, ते... पुंजारामला शूटिंग निघालं."

"असं नका करू राव! आमच्या आईनं अन्न सोडलं बगा. हिरो येणार नसंल तर मी लग्नालाच येत नाय म्हणती."

नानासाहेबांनी लगेच शब्द फिरवला. "येणार, येणार! शूटिंग रद्द झालं, आत्ताच कळलं."

ते पुन्हा सांडूकडे पळाले. जुना फ्लेक्स परत चढायला लागला, तर नेमका भिकन आपला फोटो दाखवायला अख्खी वस्ती टेम्पोत घालून चौकात हजर! आपण खाली उतरतोय हे पाहून तो शिडीलाच लटकला. "म्या शेरडं दुसऱ्याच्या हवाली करून आलो, अन् तुम्ही मला उतरवता व्हय दाजी? वस्तीत कोणतं तोंड दावू?"

गर्दी वाढली. नानासाहेबांनी घाम पुसला आणि सांडूला सांगितलं, "दोन्ही लाव. शेजारी शेजारी." तेव्हापासून रिक्षावाले पत्ता सांगताना 'दोन मामांचा चौक' म्हणू लागले. नानासाहेब मात्र तोंडाला रुमाल बांधून मागच्या गल्लीनं ये-जा करायला लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पुंजाराम मुंबईहून आला. नेहमीसारखा तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि बहिणीशेजारी लसूण सोलत बसला. नानासाहेब त्याच्याकडे न पाहता तीनदा पाणी प्यायला आत आले.

"दाजी," शेवटी पुंजारामच म्हणाला, "तुमची अडचण होत असंल तर मी दुपारच्या गाडीनं परत जातो. मंजूची समजूत मी घालतो."

"बघू," नानासाहेब म्हणाले. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. रामकिसन आपल्या आईला, पुतळाबाईंना, हात धरून उतरवत होते. "पुंजा, तू जरा आतच थांब," नानासाहेब घाईनं म्हणाले. बोलल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली. ज्याचा फोटो बसमधून दिसावा म्हणून त्यांनी धडपड केली, त्यालाच ते आता दाराआड बसवत होते.

चहा आला. रामकिसन यांनी बशीत चहा ओतला आणि सरळ विषयाला हात घातला. "तो व्हिडिओ पाह्यला आम्ही."

नानासाहेबांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"घाबरू नका हो! आम्ही काय खुळे हाव का? पब्लिसिटी हाय सगळी. नवा पिच्चर यायचा असला की हे हिरो लोक कायबी उठवून देतेत. तुम्ही फक्त आईम्होरं एकदा सांगा, खोटं हाय म्हणून. मंग आम्ही बी गावात सांगाया मोकळे."

"खोटंच असंल," पुतळाबाई म्हणाल्या. "रोज पाहते ना मी. किती गुणाची बायको हाय त्याची! मामा-मामीचा जोडीनं मान करायचा, म्हणून तिला साडी घेतली." त्यांनी मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवला.

नानासाहेबांना फक्त मान हलवायची होती. त्या एका होकारासाठीच तर ते चार दिवस ऊर फुटेस्तोवर पळत होते. आत लसूण ठेचण्याचा आवाज थांबला. नानासाहेबांनी मान अर्धी खाली नेली आणि ती तिथंच अडकली.

"खोटं नाय," कोणीतरी म्हणालं. आपणच बोललो हे नानासाहेबांना जरा उशिरा कळलं. "खरं हाय ते."

"मंग साडेसातला दावतेत ते?" पुतळाबाईंनी विचारलं.

"ते खोटं हाय, आजी! ती बायको पगारावर येती. सासू बी पगारावर. पाठुंगळी घेतो तवा सासूचा पाय खाली स्टुलावर असतो, म्या शूटिंगला जाऊन माझ्या डोळ्यानं पाह्यलंय. आमच्या पुंजारामला खोटं बोलायचे पैसे भेटतेत. फुकटात तो कधी खोटं बोलला नाय. माझी स्कूटर नाल्यात घातली व्हती त्यानं, तवा चिखलानं माखलेला घरी आला अन् पाणी प्यायच्या आधी ते सांगितलं." नानासाहेबांचा आवाज चढला होता. "आता सोयरीक ठेवायची का मोडायची, तुम्ही ठरवा. पण त्याला लबाड म्हणू नका. माझ्या पोरीच्या पाठीशी पुंजारामच उभा राहणार."

दारात पुंजाराम येऊन उभा होता, हाताला लसणाची सालं, डोळे लाल. त्यानं पुतळाबाईंच्या पायांना हात लावला. म्हातारीनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"टीव्हीत गोरा दिसतो तू."

"लायटिंगमुळं, आजी."

"अन् ती बया तुझी कोणीच नाय?"

"कामावरची मैत्रीण हाय. चांगली हाय."

"मंग तुझ्या घरी जो हाय तो? तो काय करतो?"

"लायटिंग करतो, आजी."

पुतळाबाईंनी पिशवीतली साडी बाहेर काढली. "म्हणजे तोच तुला गोरा करतो. मंग बोलव की त्याला. मान जोडीचा हाय, अर्धा कसा करू? ही साडी मी वापस नेणार नाय, औरंगपुऱ्यातून घेतलेली हाय, बदलून आणा."

"आई, लोक काय म्हणतील?" रामकिसन पुटपुटले.

"शेरडाच्या राखोळ्याला गॉगल लावून हिरो केलंय चौकात. त्याला कोणी काय म्हणलं का?"

रामकिसन यांचं तोंड वाकडं ते वाकडंच राहिलं. पण जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी पुंजारामच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला. "गावात दावायला लागतो," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले.

नानासाहेब साडी घेऊन औरंगपुऱ्यात पोचले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाला रुमाल नव्हता.

"काय झालं? मामींना पसंत नाय पडली का?" दुकानदारानं विचारलं.

"मामी नाय," नानासाहेब म्हणाले आणि क्षणभर घुटमळले. "मामाच्या घरच्यांना पाहिजे. कुर्ता दाखवा, तयार. शिवायला वेळ नाय."

"माप?"

नानासाहेबांनी फोन लावला. "पुंजा, उद्या सकाळपर्यंत पोचतील ना ते? त्यांचं माप काय?"

पलीकडून पुंजाराम म्हणाला, "बेचाळीस. अन् दाजी, रंग तेवढा काळा घ्या. तो दुसरं काही घालतच नाय. लायटिंगवाले सगळे काळंच घालतात."

"काळा?" नानासाहेब एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या बाईच्या हातातला खण गळून पडला. "लग्नाच्या मांडवात काळा? अरे, लोक काय म्हणतील!"

"त्याला आवडतो हो, दाजी."

"ते काय नाय. माणूस तुझ्या पसंतीचा हाय ना? मंग कुर्ता माझ्या पसंतीचा," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी मोतिया रंगाचा कुर्ता बांधायला सांगितला.