पहिल्या मंडळीसारखी पंगत

येत्या रविवारी आपल्या घरी साऱ्या मंडळीचं जेवण आहे, हे निर्मलाबाईंना कळलं ते कीर्तनात, आणि तेही चालीवर.

लाखांदूरच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत महिन्यातून एकदा उपदेशाऐवजी सेवकरामबुवांचं कीर्तन असे. बुवा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची जन्माची सवय, त्यामुळे त्यांना माईक लागत नसे. त्या दिवशी विषय होता येशूनंतरच्या पहिल्या मंडळीचा. ते लोक कसे घरोघरी जमत, एका पंगतीला जेवत, जेवतानाच भाकर मोडत, आणि आपलं-तुपलं कसं करत नसत. बुवा रंगले. ढोलकीवर नत्थू होता. त्याने लय चढवली आणि बुवांच्या तोंडून आपोआप निघून गेलं,

"येत्या रविवारी, माझियाच घरी, पहिल्यांच्या परी, भाकर मोडू!"

कीर्तनात बुवा म्हणतील ते मागच्यांनी उचलायचं असतं. झिलकऱ्यांनी उचललं, मग बाकांवरच्यांनी उचललं. तिसऱ्या फेरीला तर म्हातारेकोतारे टाळ्या वाजवून गात होते. नुसतं बोललेलं माणसाला मागे घेता येतं. साऱ्या मंडळीने तालात गायलेलं कसं मागे घेणार?

घरी जाताना निर्मलाबाई आधी नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालल्या. मग म्हणाल्या, "मले एका शब्दानं विचारलं?"

"अवं, निघून गेलं ते. नत्थूनं ठेकाच असा देला का…"

"मंग नत्थूलेच सांगा वांगे चिराले."

नत्थू दिघोरीचा. धानाची शेती, गावच्या भजनात आणि दंडारीच्या खेळात ढोलकी. बुवा नोकरीत असताना तो एकदा गाडीत पुढच्या सीटच्या पाठीवर बोटं वाजवत बसला होता. बुवांनी तिकीट फाडून हातात दिलं आणि म्हणाले, "रविवारी येजो." तेव्हापासून तो येतच होता. ढोलकी वाजवायची, बुवांकडे जेवायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. तो ख्रिस्ती नव्हता. त्याविषयी त्याने कधी विचारलं नाही, बुवांनीही नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट रांगेने येई, तेव्हा नत्थू ते दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी आणि शेजारच्याकडे देई. स्वतः घेत नसे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बुवांच्या देखत कोणी कीर्तनाची स्तुती केली की ते म्हणत, "माहं नाही, त्याचं हाये ते. मी नुसता तोंड हालवतो."

सोमवारी संध्याकाळी बुवांच्या अंगणात बैठक बसली. पाळक धनंजय तरुण, नगरकडचा, शिकलेला. कीर्तन चालू असताना तो डोळे मिटून बसे, चेहऱ्यावर काही दिसत नसे. बोटं मात्र बाकाच्या कडेवर हलत असत. पहिल्या मंडळीबद्दल त्याने पुष्कळ वाचलं होतं.

"करायचंच तर नीट करू," तो म्हणाला. "पहिली गोष्ट, सकाळी नाही. रविवार त्यांना कामाचा दिवस होता. पहाटे नाहीतर संध्याकाळी जमायचे."

"संध्याकाळी बरं," निर्मलाबाई म्हणाल्या. "पहाटे मी काही सैपाक करत नाही."

"छोटे छोटे काचेचे पेले नाहीत. सगळ्यांना एकच प्याला."

सगळ्यांचं लक्ष भैय्यालालकडे गेलं. भैय्यालालच्या गालात तंबाखूचा खर्रा होता.

"मी त्या दिवशी नाही खात," भैय्यालाल म्हणाला.

"आणि त्यात सरबत नव्हतं. खरा द्राक्षरस, पाणी घालून."

"द्राक्षाचं नाही," भैय्यालालने आवाज उतरवला, "पण मोहाचं पायजे असंन तं माह्या ओळखीत…"

"भैय्यालाल, तू ते घेऊन या घरात पाय ठेवून तं दाखव!" निर्मलाबाई कडाडल्या. सरबत कायम राहिलं.

"एकमेकांना भेटताना ते पवित्र चुंबन घेत."

सगळ्यांनी पुन्हा एकदा भैय्यालालकडे पाहिलं.

"आपण हात जोडून जय ख्रिस्त म्हणू," बुवा म्हणाले. "त्यात बी पवित्रच भाव असते."

"आणि सगळं समाईक," धनंजय म्हणाला. "ज्याला जे लागेल ते त्याने न्यावं. शिवाय ज्याचं कोणाशी बिनसलं असेल, त्याने आधी जाऊन समेट करायचा. मगच पंगतीला बसायचं."

"हे सोपं हाये," सगळे म्हणाले.

"शेवटचं एक. भाकर मोडायच्या आधी, ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांना बाहेर पाठवत. दाराशी माणूस उभा असे."

दाराशी उभं राहायला भैय्यालाल लगेच तयार झाला. प्याल्याच्या आणि चुंबनाच्या बाबतीत त्याची फार शोभा झाली होती, आता मानाचं काम मिळत होतं. बाहेर कोण जाणार हे बुवांच्या डोक्यात थोडं उशिरा शिरलं. मंडळीत तसा एकच माणूस होता.

सगळे गेल्यावर त्यांनी धनंजयला थांबवलं. "तिकडं प्रार्थनेच्या हॉलमंदी तं आपण कोणाले बाहेर नाही काढत. मंग आपलं चुकून राहिलं का इतके दिवस?"

"चुकतं असं नाही, काकाजी. त्यांना भीती होती. आत बसलेल्याने बाहेर जाऊन नावं सांगितली तर जीव जायचे. आत यायच्या आधी माणूस कितीतरी दिवस शिकायचा, लोक त्याला पारखायचे. म्हणून दार." तो जरा थांबला. "मला कधी कधी त्यांचा हेवा वाटतो. त्यांचं दार बंद असे, पण आतला प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखत असे. आपण बाहेर पाटी लावतो, सर्वांचे स्वागत आहे, आणि मागच्या बाकावर कोण येऊन बसतं त्याचं नावसुद्धा विचारत नाही."

"नत्थूचं नाव मले माहीत हाये," बुवा म्हणाले.

धनंजय चपला शोधू लागला.

बुवांनी दुसऱ्या दिवशी नत्थूला फोन लावला. काय बोलायचं ते मनात नीट जुळवून ठेवलं होतं. पण तिकडून नत्थूच म्हणाला, "बुवा, ढोलकीले नव्या चामड्याची पुडी बसवून आणली तुमच्या रविवारासाठी. असं बोलते का बस्स!"

"बरं केलं," बुवा म्हणाले आणि फोन ठेवला.

इकडे शुक्रवारी आनंदाबाई आल्या. त्या मंडळीतल्याच, घर भिंतीला भिंत लागून. चैताचं ऊन तापलं होतं. त्यांनी खोलीतला कुलर पाहिला आणि पदर खोचला.

"निर्मला, समाईक हाये ना सारं? मले रात्रीची झोप नाही येत. नेऊ ना?"

पाळकासमोर होकार दिलेला, आता नाही कसं म्हणणार? कुलर गेला. निर्मलाबाईंनी रात्र पदराने वारा घेत काढली. सकाळी उठल्या, आनंदाबाईंच्या दावणीची शेळी सोडली आणि आपल्या अंगणात आणून बांधली.

"अवं, माही बकरी!"

"आपली बकरी," निर्मलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मले चहाले दूध लागते."

त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेळी मात्र दिवसभर दोघींच्याही वतीने बोलत होती.

रविवारी संध्याकाळी खोली गच्च भरली. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसली होती. कुलर नव्हता. मधोमध पाटावर पांढऱ्या फडक्याखाली तांदळाची भाकर आणि पितळेचा एक प्याला. आतल्या खोलीत भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. बुवांनी कीर्तन सुरू केलं. नवी पुडी खरोखरच बोलत होती. नत्थूच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो हसत होता.

बुवांना हे संपवायचं नव्हतं. पहिल्या मंडळीची कथा संपली, तर त्यांनी वाटेत एक जहाज बुडवलं. जहाजातली माणसं किनाऱ्याला लागली, तर त्यांना तुरुंगात घातलं. तुरुंगात भूकंप केला. निर्मलाबाई आतल्या दारातून पळी दाखवत होत्या. बुवा त्यांच्याकडे बघतच नव्हते. शेवटी भूकंपही ओसरला आणि दाराशी उभ्या भैय्यालालने, कोणी सांगायच्या आतच, घसा साफ केला.

"ज्याईचा बाप्तिस्मा नसंन झाला, त्याईनं आता बाहेर चला!"

कोणी हललं नाही. भैय्यालालने नियमाप्रमाणे पुन्हा पुकारलं. मग नत्थूने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं.

"मी होय का तो?" त्याने ढोलकी काखेत घेतली. "मले पयलेच सांगाचं ना बुवा. मी काय रागावतो? तुमचा नेम तो नेम."

तो लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेला. रागावला असता तर बुवांना बरं वाटलं असतं. भैय्यालालने दार लावलं. खोली एकदम भट्टीसारखी तापली.

धनंजयने फडक्याला हात घातला, मग आठवून थांबला. "मोडण्याआधी… कोणाचं कोणाशी बिनसलं असेल तर त्याने आधी जाऊन समेट करावा."

बाहेर शेळी ओरडली.

निर्मलाबाई उठल्या. "आनंदाबाई, चाल."

"मले काहून?"

"तुह्यासंगच तं बिनसलं हाये. येकटी कोणासंग समेट करू, बकरीसंग?"

दोघी बाहेर गेल्या. तेवढ्यात कोपऱ्यातले दोन चुलतभाऊ उठले. बांधावरच्या एका बाभळीपायी त्यांच्यात अबोला होता आणि दर रविवारी ते हॉलच्या दोन टोकांना बसत. इथे दुसरं टोकच नव्हतं. त्यांच्यामागे एक सासू आणि एक सून. मग तीन बायका, ज्यांचं आपसात बिनसलंय हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी भैय्यालाल दार उघडी, लावी, उघडी.

"धनंजय," बुवा म्हणाले, "मले बी जा लागते."

"तुमचं कोणाशी, काकाजी?"

बुवांनी नुसतं दाराकडे बोट केलं आणि गेले. उरलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनीही ते 'बाहेर चला' ऐकलं होतं आणि गप्प बसले होते. ते एकेक करून उठले. सर्वांत शेवटी भैय्यालाल.

"तुम्ही कुठे? दार कोण राखणार?" धनंजयने विचारलं.

"आत तुमीच उरले फक्त. तुमाले कोण नेते? अन् हाक तं मीच मारली ना त्याले."

धनंजय एकटा उरला. समोर भाकर, प्याला आणि रिकामी सतरंजी. पहिल्या मंडळीच्या रीतीत कुठे चूक झाली हे त्याने एकदा तपासून पाहिलं. चूक नव्हती. सारं नेमाप्रमाणे झालं होतं, आणि घर रिकामं झालं होतं.

बाहेर ओट्यावर नत्थू ढोलकीवर हनुवटी टेकून बसला होता. बुवा त्याच्याजवळ बसले. आयुष्यभर शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज शेजारच्या माणसापर्यंत पोचेना.

"मले तुले फोनवरच सांगाचं होतं," शेवटी ते म्हणाले. "तू पुडीचं सांगतलं अन् माही हिंमत नाही झाली."

"जाऊ द्या ना बुवा. गाडी निघून गेली आता, तेवढं मात्र झालं."

"राहाचं आज."

"जेवाले हाये का काही?"

"अवं!" बुवांनी हाक दिली, आणि मग पहिल्यांदाच आवाज उतरवून विचारलं, "इथंच वाढता येईन का?"

निर्मलाबाई आणि आनंदाबाई तेव्हा दोघी मिळून कुलर उचलून आणत होत्या. लांब वायरीने तो गल्लीकडे तोंड करून लागला. पंगत तिथेच बसली. बाभळीचे दोन्ही भाऊ एका पत्रावळीइतक्या अंतरावर. धनंजय पाट उचलून बाहेर आला. "माझंही बिनसलंय," तो नत्थूला म्हणाला. "नियम मीच सांगितला होता."

"सांगणारा सांगनच साहेब. बसा, भात थंडा होते."

त्याने प्रार्थना केली आणि भाकर मोडली. ताट रांगेने निघालं. नत्थूपाशी आलं तेव्हा सगळ्यांचे घास थांबले. नत्थूने हात धोतराला पुसले, ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि शेजारी भैय्यालालकडे दिलं. दर वेळेसारखंच. भैय्यालालने आपला तुकडा घेतला आणि डोळे पुसले. वाऱ्याने धूळ गेली, असं म्हणाला.

वरण वाढलं जात असताना नत्थूने विचारलं, "पास्टरसाहेब, त्या पहिल्या लोकाईत ढोलकी कोण वाजवे?"

धनंजय भात कालवत राहिला. "कोणीच नाही. ते नुसत्या गळ्याने गात. वाद्यं त्यांना चालत नव्हती."

सगळ्यांनी ढोलकीकडे पाहिलं. शेळीनेसुद्धा.

"मंग त्या दिवशी हे काहून नाही सांगतलं?" निर्मलाबाईंनी पळी थांबवली. "चुंबनापर्यंत सारं सांगतलं तुमी!"

"राहून गेलं," धनंजय म्हणाला.

बुवांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. धनंजयचा उजवा हात भातात होता. डाव्या हाताची बोटं, मांडीवर, मघाचाच ठेका धरत होती.

"बरं झालं राहून गेलं ते," बुवा म्हणाले. त्यांनी नत्थूकडे पाहिलं, नत्थूने उष्टा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने ढोलकी जवळ ओढली, आणि बुवांनी सूर लावायला तोंड उघडलं.

"थांबा," निर्मलाबाई म्हणाल्या. "काय गाणार तुमी, ते पयले मले सांगा."