अच्युतरावांनी जपलेली बॅटरी

कांचनबाईंना संध्याकाळी नवऱ्याच्या मागे बसून बड्या तलावावर जायचं होतं, एवढ्यासाठी इलेक्ट्रिक बाईक घेतली होती. निदान दुकानात अच्युतरावांनी तसंच सांगितलं. पण दुकानदार पैसे घेता घेता म्हणाला, "साहब, मोटर तो बरसों चलेगी, घिसती है बॅटरी. जितनी बार चार्ज, उतनी उमर कम." तिथंच घात झाला.

सरकारी कचेरीत जन्मभर नवं सामान कपाटात आणि मोडकं टेबलावर ठेवलेल्या माणसाला हे ताबडतोब पटलं. कोलार रोडच्या फ्लॅटखाली बाईक उभी राहिली, तिच्यावर जुन्या चादरीची खोळ चढली आणि चार्जर कपाटात साड्यांच्या मागे गेला. अच्युतराव पूर्वीसारखेच बसने भाजीला जाऊ लागले.

"अहो, आज जायचं का तलावावर?"

"आज काय विशेष आहे? खाली-पिली एक चार्जिंग वाया जाईल."

"मग विशेष कधी असतं?"

"पाहुणे आले की काढू."

पाहुणे आले. त्यांना ऑटोने फिरवलं, कारण ते वजनदार होते आणि मोटरवर ताण आला असता. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून हिवाळा गेला, उन्हात तापते म्हणून उन्हाळा गेला. पावसात गाडी काढायचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या वर्षी कांचनबाईंनी विचारणंच सोडलं. हे अच्युतरावांच्या लक्षात आलं होतं. पण बायको समजूतदार झाली, असं त्यांनी धरलं.

लग्नाच्या वाढदिवशी मात्र त्यांना उमाळा आला. सकाळपासून गाडी चार्जिंगला लावली. कांचनबाईंनी ठेवणीतली चंदेरी नेसली, आरशात दोनदा पाहिलं आणि मागे बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चुना भट्टीच्या अलीकडे, जरासा चढ लागला आणि गाडी थांबली. पेट्रोलची गाडी मरताना निदान खोकते तरी; ही नुसतीच गप्प झाली.

अच्युतरावांनी पुण्याला मुलीला, जुईला, फोन लावला.

"बाबा, शेवटचं चार्ज कधी केलंत?"

"आजच."

"त्याआधी?"

अच्युतराव बोटांवर महिने मोजू लागले.

"अहो, नुसती पडून राहिली की मरते बॅटरी. वापरायची असते ती!"

"पण मोटर एकदम नवी आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मग ढकला."

ढकलायला सुरुवात करणार, तेवढ्यात शेजारच्या कुसुमताई आपल्या खटारा स्कूटरवरून आल्या. "क्यूं भाऊजी, बंद पडली का? आणि कांचन, तू चंदेरी नेसून धक्का मारणार? छोड, बस मागे. आपण जाऊ तलावावर. भाऊजी नेतील गाडी घरी, उतारच तर आहे."

"जाऊ का?" कांचनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं.

घामाघूम होऊन ते घरी पोचले तेव्हा मोबाईलवर फोटो आला होता. मागे पाणी, हातात कणीस आणि कांचनबाई तोंडभर हसतायत. अच्युतराव जिन्यातच बसले. हे हसणं कुठल्याही साध्या संध्याकाळी बघता आलं असतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

आठवड्याने त्यांनी नवी बॅटरी बसवून आणली. खोळ फेकून दिली. खालूनच हाक मारली, "कांचन, चल! रोज जाऊ आता!"

कांचनबाई पर्स घेऊन जिना उतरतच होत्या. "अय्या, मी कुसुमबरोबर निघाले. आमचं रोजचं ठरलंय. तुम्हीही या ना मागून."

अच्युतराव मागून गेले. त्यांच्या गाडीचा जराही आवाज होत नव्हता. पुढच्या स्कूटरच्या खडखडाटातून दोघींचं हसणं तेवढं येत होतं; कशावर हसतायत, ते मात्र त्यांना तलावापर्यंत कळलं नाही.