साडेतीनचा घास

खानोलकर भावजींच्या शेजारी जेवायला बसायचं म्हणजे तोंडी परीक्षेला बसायचं. घास तोंडात गेला रे गेला की हा गृहस्थ मान वाकडी करून विचारणार, "आधी काय लागलं?" तुम्ही कसंबसं म्हणता, आंबट. "मग काय लागलं?" तिखट. "आणि गिळल्यावर शेवटी काय उरलं?" आता गिळल्यावर काय उरणार, कपाळ? पण तसं म्हणून सुटका नाही. 'छान झालंय' हे उत्तर तर त्यांच्या लेखी सरळ नापास. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझ्या आमटीला त्यांनी "आधी गूळ, मग चिंच, शेवटी थोडं पातेलं" असा निकाल दिला. आमटी जराशी खाली लागली होती हे खरं, पण म्हणून असं तोंडावर सांगतात का?

माझा नवरा सुधीर स्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहे आणि खानोलकर त्याच्या शेजारच्या टेबलावर. त्यांचं काम गिअरबॉक्सचे आवाज ऐकण्याचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून कुठला दात कुठे कुरकुरतोय ते सांगायचं. सुधीर म्हणतो, तीच सवय जेवणात उतरलीय. मूळचे वेंगुर्ल्याचे, पंचेचाळिशी उलटलेली, लग्न नाही आणि अंगावर मांस नाही. खाण्याबद्दल इतकं बोलणारा माणूस इतका वाळलेला कसा, हे मला कधी कळलं नव्हतं.

दुसरं एक खूळ म्हणजे त्यांचं साडेतीन. रोज दुपारी साडेतीनला त्यांनी काहीतरी नवं चाखलेलंच असलं पाहिजे. कँटीनमध्ये सगळे बाराला जेवून मोकळे होतात, हे मात्र ताटातली एखादी वस्तू डब्यात घालून ठेवतात आणि तिनाच्या पुढे कोपऱ्यात उभं राहून, डोळे मिटून ती खातात. मग मोबाइल आणि कॉलिंग कार्ड घेऊन जे पार्किंगकडे पळतात ते वीस मिनिटांनी परत. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली की त्यांचं साडेतीन अडीचवर येतं. मी एकदा विचारलं, भावजी, तुमच्या पोटालासुद्धा हिवाळी वेळापत्रक आहे का? तर म्हणाले, "गेनाऊ, वहिनी. अगदी बरोबर."

ऑफिसात सगळ्यांचं एकमत होतं की बाई आहे. रोज ठरलेल्या वेळी, आडोशाला जाऊन, हसत हसत फोन, दुसरं काय असणार? मला तर रागच आला. तोवर मी त्यांच्यासाठी तीन स्थळं आणली होती आणि तिन्ही वेळा त्यांनी "बघू, बघू" करून वेळ मारून नेली होती. आधीच कुणी आहे तर सांगावं ना माणसानं. आम्ही काय खाणार होतो का तिला?

मे महिन्यात लागून सुट्ट्या आल्या तेव्हा आम्ही हॅम्बर्गला जायचं ठरवलं आणि सुधीरनं खानोलकरांनाही बरोबर घेतलं. त्यांनी आगगाडीत बसायच्या आधीच अट घातली. फिरा कुठेही, पण दुपारी साडेतीनच्या आत त्यांना नवा पदार्थ मिळाला पाहिजे. हॅम्बर्गला बंदराजवळ पोर्तुगीज लोकांची वस्ती आहे असं त्यांनी शोधून ठेवलं होतं. गाडीत पाच तास आमचा वर्ग चालला. मिरची, बटाटा, काजू, सगळं यांच्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं. "वहिनी, हे आले नसते ना, तर मालवणी मसाला नुसत्या मिऱ्यांवर भागवावा लागला असता. विचार करा!" मी विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मला झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी सुधीरनं घोळ घातला. त्याला बंदरातल्या फेरीबोटीतून फिरायचं होतं, आणि फिरलो ते इतकं फिरलो की धक्क्याला परत लागेपर्यंत अडीच वाजून गेले. वरून हॅम्बर्गचा तो तिरपा पाऊस. खानोलकर घड्याळाकडे बघत पुढे पळताहेत, आम्ही मागे. समोर पहिलं जे हॉटेल दिसलं तिथल्या बाईंनी हसून सांगितलं, किचन बंद, आता फक्त केक मिळेल. दुसरीकडेही तेच. जर्मन स्वयंपाकघर एकदा बंद झालं की ब्रह्मदेव आला तरी त्याला केकच मिळायचा. सुधीर म्हणाला, अरे केक तर केक, खा ना. तर हा माणूस भर रस्त्यात रडवेला. "केक नको रे. केक झालाय मागच्या आठवड्यात."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे नुसतं खूळ नाही.

शेवटी त्या पोर्तुगीज वस्तीतल्या एका गल्लीत शिरलो आणि भाजलेल्या माशाचा वास आला. मी ब्राह्मणाघरची, स्टुटगार्टला आल्यावर बाटलेली, पण त्या वासानं माझ्याही पोटात कावळे कोकलायला लागले. दारात एक जाडजूड पोर्तुगीज मालकीणबाई उभी होती. तिचं जर्मन आमच्यापेक्षाही मोडकं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. स्वयंपाकघर बंद कधी होतं विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही. भूक लागली की उघडं, एवढंच तिला ठाऊक.

मग काय विचारता! हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं दाटसर सूप आलं, त्यात सॉसेजची एकेक चकती. भाजलेली तारली आली, डोक्याशेपटीसकट, वर नुसतं जाडं मीठ. आणि खारवून वाळवलेला, मग भिजवून शिजवलेला मोठा मासा आला, सोबत उकडलेले बटाटे, लसूण, आणि तेल तर असं की अगदी श्रावणी सोमवारच्या समईला पुरेल. खानोलकरांनी प्रत्येकातला एकेक घास घेतला. डोळे मिटले. ओठ हलत होते, पाठ केल्यासारखे. मग खुर्ची मागे सारून, भरलेलं ताट तसंच टाकून, फोन घेऊन बाहेर.

"बघ," सुधीर म्हणाला, "गेला तिच्याकडे."

आता मात्र मला राहवेना. ताट निवतंय हे सांगायचं निमित्त करून मी उठले. हॉटेलच्या छपराखाली, अर्धं अंग पावसात, खानोलकर भिंतीला टेकून उभे होते. आणि जर्मन नाही, इंग्रजी नाही, चक्क मालवणीत बोलत होते.

"आये, ऐक. आधी तेल लागता. आपल्या खोबऱ्याचा नाय, दुसरा. मग मासो. मग लसूण. मीठ? मीठ नाय गो. मिठाची आठवण असा नुसती. घे, घास घे बघू. घेतलंस? आता बटाटो."

मला बघून ते ओशाळले आणि फोनवर हात ठेवून भराभर सांगून टाकलं. वेंगुर्ल्याला आई, थोरल्या भावाकडे. डॉक्टरांनी वर्षापासून मीठ बंद केलंय, तेल बंद, तिखट बंद. नुसती आळणी पेज समोर आली की ताट सरकवते. उभ्या गावाला जेवण रांधून घालणारी बाई, तिनं आळणी खायचं कसं? तिकडे सात वाजले, दिवेलागण झाली की भावाची बायको पेज वाढते आणि हे इकडून रोज नवं काहीतरी खाऊन, त्याची चव सांगतात. ऐकता ऐकता चार घास जातात पोटात. जुना पदार्थ सांगितला तर ओळखते आणि तोंड मिटते. "म्हणून हो सगळं, वहिनी. एक दिवस चुकला तर ती उपाशी निजते."

तीन स्थळं आणि माझा राग, सगळं त्या पावसात वाहून गेलं.

तेवढ्यात फोनमधून आईंनी काहीतरी विचारलं. मासा किती वेळ भिजत घालतात आणि पाणी किती वेळा बदलतात? खानोलकरांना तेवढं ठाऊक नव्हतं. "धरा, वहिनी. बोला तिच्याशी, मालकिणीला विचारून आलो," म्हणत फोन माझ्या हातात कोंबून ते आत धावले.

मी नमस्कार केला, सुधीरची बायको म्हणून सांगितलं. पलीकडून हळू आवाजात, घाईनं, "गेलो काय तो आत?"

हो म्हटलं.

"बाय माझ्ये, ऐक. माका त्येतला काय्येक कळणा नाय. माझी जीभ कधीच मेली. कसली तेलां नि कसलो मासो! पण मी इचारलंय नाय, तर तो पावाक लोणचा लावन खाता नि निजता. ल्हानपणापासून तसोच. कोण पुढ्यात बसान इचारल्याशिवाय तेच्या घशाखाली घास उतरणा नाय. म्हणान मी पेज गिळतंय नि रोज नवीन काय ता इचारतंय. त्येका सांगू नको हां."

मी नाही सांगत म्हणाले.

इतक्यात खानोलकर विजयी मुद्रेनं परत. दीड दिवस भिजवायचं, पाणी चारदा बदलायचं! फोनवर ते सांगून, आईनं वाटी संपवली ना याची भावजयीकडून खातरजमा करून, त्यांनी फोन ठेवला. पेज संपली होती. चेहरा कसा उजळला होता! ताटावरून मात्र त्यांचं लक्षच उडालेलं. खुर्चीत बसले, ताट सुधीरकडे ढकललं, आणि म्हणाले, "तू घे रे. माझं झालं."

एकेका घासावर झालं. म्हणजे रोज हे असंच होत असणार. त्या माउलीला निम्मंच ठाऊक होतं.

मी सुधीरच्या हातातून ताट काढून घेतलं आणि परत त्यांच्यासमोर ठेवलं. सुधीर बघतच राहिला. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी पुढ्यात बसले, हाताची घडी घातली आणि म्हटलं, "हं, भावजी. एक घास घ्या आणि सांगा. आधी काय लागलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, हातातल्या बंद फोनकडे पाहिलं. मग निमूटपणे काटा उचलला, घास घेतला, डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. नुसती मान हलवत ते पुढचा घास घेत होते, मग त्याच्या पुढचा, आणि निवलेल्या माशाचं ताट स्वच्छ होईपर्यंत मी समोरून उठले नाही.