क्लॅरीच्या दगडावरचा नामंजूर शब्द

या, अशा जवळ या. देवाचं नाव घेऊन झालं; आता देवाच्या एका माणसाची गोष्ट ऐका.

ऑस्ट्रेलियातल्या वॅराबिल गावी, मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म घालवलेला क्लॅरी टूही वारला. त्याच्या बायकोने, मर्लने, थडग्याच्या दगडासाठी रीतसर अर्ज केला. मजकूर एवढाच : ‘क्लॅरी. माझा डॅगी माणूस.’

नगरपालिकेच्या स्मृतिशिला समितीने हरकत घेतली. मंजूर यादीत बाराच विशेषणं होती. ‘डॅगी’ त्यांत नव्हतं. अर्थ व उगम सादर करावा, असं कळवण्यात आलं.

मर्ल तडक कचेरीत गेली.

“अरे ड्वेन, डॅगी म्हणजे गबाळा रे! चाळीस वर्षं एकच स्वेटर घालणारा, चर्चमध्ये सगळ्यांच्या एक ओळ मागून गाणारा. ज्याला बघून हसूही येतं आणि जीवही लागतो, असा.”

“अर्थ नोंदवला, मर्लबाई,” समितीचा सचिव ड्वेन म्हणाला. “उगम?”

“मेंढीच्या शेपटाखाली लोकरीत लेंड्या वाळून गोळे लोंबतात ना, ते डॅग. तुझ्या बापानेही क्लॅरीच्या बरोबरीने जन्मभर तेच कातरले, आणि तू मला विचारतोस?”

ड्वेनने टाय सरळ केला. “म्हणजे मयत इसम अंशतः विष्ठा होता, असं अर्जदाराचं म्हणणं?”

विष्ठा म्हटल्यावर प्रकरण आरोग्य खात्याकडे गेलं. मेंढीची म्हटल्यावर पशुवैद्याकडे. पशुवैद्याने कोरा दगड हुंगला आणि अहवाल दिला : ‘सदर शब्द कोरल्यास माश्या आकर्षित होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ खबरदारी म्हणून थडग्याला कुंपण पडलं. दर रविवारी मर्ल बूट जंतुनाशकात बुडवायची आणि तारेपलीकडूनच नवऱ्याशी बोलायची.

“शब्द मागे घ्या, कुंपण काढतो,” ड्वेन म्हणाला.

तिने सही केली. कुंपण निघालं, दगड बसला : ‘क्लॅरी. आदरणीय.’ त्या रांगेत एकतीस आदरणीय होते. अधू डोळ्यांच्या मर्लला आपला कोणता ते सापडेना. तीन दगडांपाशी ती परक्यांशीच बोलून आली.

चौथ्या रविवारी तिने गोठ्यातून एक डॅग आणला, कोरलेली नावं बोटांनी चाचपत क्लॅरीचा दगड शोधला आणि त्याला तो तारेने बांधला.

आता तिला दगड वाचावे लागत नाहीत. चर्चमधून स्तोत्र ऐकू येतं आणि एक ओळ मागून माश्या गुणगुणू लागतात. मर्ल त्या आवाजाकडे चालत जाते. पशुवैद्याचा अहवाल तेवढा अचूक निघाला.

तुम्ही मघाशीच नाकाला रुमाल लावलात, ते पाहिलं मी. हरकत नाही, समितीत एक जागा रिकामी आहे. तिथे सही करायला बसाल तेव्हा मात्र घरचे लाडाने तुम्हाला काय म्हणतात ते आठवा, आणि सोबत क्लॅरीचीही एवढी आठवण ठेवा.